शेवळं आली, जेवायला या

शेवळं ही रानभाजी बाजारात दिसली की मी तिथूनच, पिशवी हातात धरून फोन लावायला घेतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मे सरता सरता, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या की शहापूर-मुरबाडकडच्या बायका सकाळच्या गाडीने येतात आणि रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसतात. त्यांच्यापुढे शेवळांच्या जुड्या असतात, जांभळट तपकिरी, टोकाशी निमुळत्या, आणि बाजूला काकडांचा, म्हणजे हिरव्या आंबट फळांचा, ढीग. हे सगळं दोनतीन आठवड्यांचं. पाऊस एकदा नीट लागला की शेवळं संपतात आणि मग कितीही पैसे मोजायची तयारी असली तरी पुढच्या वर्षापर्यंत मिळत नाहीत.

फोनवर मी फार बोलत नाही. "शेवळं आलीत. रविवारी दुपारी जेवायला या." एवढं पुरतं. वर्षभर "एकदा भेटायला हवं रे" म्हणत राहिलेली माणसं रविवारी बाराच्या सुमाराला दारात हजर असतात. एरवी भेटीगाठींचं काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. कुणाची मुलगी दहावीला, कुणाचे वडील आजारी, कुणाची बदली, कुठे मेगाब्लॉक. दिवाळीनंतर बघू, परीक्षा संपल्यावर बघू, असं करता करता वर्ष निघून जातं. शेवळांपुढे "बघू" चालत नाही. वाढदिवस पुढच्या शनिवारवर ढकलता येतो, भाजी ढकलता येत नाही. गेली कित्येक वर्षं आमच्या मित्रमंडळींच्या भेटी भाज्यांच्या आणि फळांच्या वेळापत्रकावर चालल्या आहेत आणि त्या टिकल्या त्याही त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्यांदा शेवळं घेतली तेव्हा विकणाऱ्या मावशींनी जुडी हातात देण्याआधी विचारलं, "घरी कुणाला येतात का करायला? वहिनींना माहिती हाय का?" मी म्हटलं, मीच करणार आहे. त्यावर त्यांनी जुडी परत घेतली, त्यातलं एक शेवळ काढलं आणि मांडीवर धरून सोलायला लागल्या. "ह्यो वरचा पापुद्रा काढायचा. आता आतली दांडी बघा. हा पिवळा खरबरीत भाग दिसतो ना, तो सगळा टाकायचा. जरा जरी राहिला तरी घसा धरल. आन् काकडं घेतल्याबिगर जाऊ नका." मागे गिऱ्हाइकं उभी होती, पण त्यांनी तीनचार शेवळं माझ्याकडून सोलून घेतली, मगच पैसे घेतले. पाककृतीच्या व्हिडिओत ही कृती अर्ध्या मिनिटात उरकतात. पिवळा भाग कुठे संपतो आणि खाण्याजोगा कुठे सुरू होतो, ते बोटांना तेव्हा कळलं.

शेवळ म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका कंदाचा फुलोरा. जमिनीतला कंद आधी फूल वर धाडतो, पान मागाहून येतं. सुरण, अळू, शेवळं या सगळ्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून या कुळातल्या कुठल्याही भाजीत आपल्याकडे आंबट पडतंच. अळूला चिंच, सुरणाला आमसूल आणि शेवळांना काकडं. काकड हे त्याच जंगलातलं झाड आणि त्याची फळंही नेमकी त्याच दिवसांत बाजारात येतात. खाज आणि खाजेवरचा उतारा एकाच गोणपाटावर शेजारी शेजारी विकायला असतात, याचं मला दरवर्षी नव्याने अप्रूप वाटतं. हे ज्यांनी पहिल्यांदा जुळवलं त्या माणसांचं ज्ञान कुठल्याही स्वयंपाकघरातल्या ज्ञानापेक्षा मोठं आहे.

रविवारचा बेत असला की शनिवारी रात्री मी शेवळं साफ करायला बसतो. हाताला तेल चोळून घ्यायचं. सोललेली दांडी बारीक चिरायची, जितकी बारीक तितकी बरी. काकडं ठेचून, बिया काढून, गर वाटून त्याचं पाणी गाळून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कढईत तेल जरा सढळ घालून आधी नुसती शेवळं परतायची. इथे घाई चालत नाही. सुरुवातीला ती ओलसर, लिबलिबीत असतात. मग पाणी आटतं, रंग गडद होत जातो आणि एका क्षणी वासच बदलतो, कच्चा रानवट वास जाऊन भाजल्यासारखा खमंग वास येतो. तो आल्याशिवाय काकडांचं पाणी घालायचं नाही. मग कांद्या-खोबऱ्याचं भाजून केलेलं वाटण, गरम मसाला, थोडा चिंचेचा कोळ. एका पातेल्यात मोड आणून सोललेले वाल, दुसऱ्यात सोडे, म्हणजे वाळवलेली कोलंबी. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत सोडे, कोलंबी किंवा खिमा घालून शेवळं करतात आणि त्या मंडळींची या भाजीवरची माया मी जवळून पाहिली आहे. माझी एक मैत्रीण तशा घरातली. ती आल्या आल्या थेट ओट्याशी जाते, झाकण उघडते, बशीत चमचाभर काढून घेते आणि डोळे मिटून खाते. मग म्हणते, "हं. आता बाकीच्यांना वाढ."

ज्यांनी शेवळं कधी खाल्लेली नाहीत अशा मित्रांना मी मुद्दाम बोलावतो. चवीचं वर्णन करायला जात नाही, कारण ती कशासारखीच नाही. पहिल्या घासाला ते जरा थांबतात, दुसऱ्याला मान हलते, तिसऱ्याला भात मागतात. नागपूरच्या एका मित्राने एकदा विचारलं, "हे वर्षभर का नाही मिळत?" आणि मग स्वतःच म्हणाला, "नकोच मिळायला."

त्याचं ते बोलणं माझ्या मनात राहिलं. कोबी, फ्लॉवर, सिमला मिरची आता बारा महिने एकाच चवीची, एकाच दिसण्याची मिळते. मटार तर फ्रीजरमधून कधीही काढावा. याची सोय मला कळते, मी स्वतः आठवड्यातले चार दिवस त्याच सोयीवर जेवतो. पण बारमाही भाजीसाठी कुणी कुणाला फोन करत नाही. "कोबी आलाय, ये" असं म्हणता येत नाही. सासवडकडचा ताजा मटार बाजारात येतो आणि दाणे सोलताना निम्मे तोंडात जातात, त्या दिवसाची मटार उसळ आणि ब्रेड मात्र फोन करून सांगण्यासारखी असते.

मोठ्या बेताआधी मी तो पदार्थ आठवड्यात कधीतरी थोडक्यात करून बघतो. वाटीभर, एखाद्या संध्याकाळी, घाई नसताना. शेजारच्या काकूंना चव बघायला देतो. त्या स्पष्ट बोलतात. "बरं झालंय" म्हणाल्या तर ते बरं झालेलं नसतं आणि रिकामी वाटी घासून परत आली तर झालेलं असतं. हा सराव मला फार आवडतो. पाहुण्यांसाठी करताना लक्ष दहा ठिकाणी असतं. एकट्यासाठी करताना त्या एकाच पदार्थाशी बोलता येतं, म्हणजे वाटण किती भाजल्यावर कडवट होतं, कुठल्या आचेवर पाणी सुटतं, मीठ आधी की नंतर, हे सगळं निवांत बघता येतं.

आंबेडाळीने मला यातलं सर्वांत जास्त शिकवलं. चैत्रातली आंबेडाळ आणि पन्हं, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं. कृती सगळ्यांना पाठ असते. वाटीभर हरभऱ्याची डाळ चारपाच तास भिजवायची, पाणी निथळून भरड वाटायची, कैरी किसून घालायची, मीठ, चिमूटभर साखर, मिरची, ओलं खोबरं, कोथिंबीर, वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी, आणि ती फोडणी गार करून घालायची, म्हणजे डाळ कच्चीच राहते आणि चव ताजी. सगळं खरं. पण कैरी किती? कुणी अर्धी वाटी लिहितात, कुणी एक मध्यम कैरी. चैत्राच्या सुरुवातीची कैरी, जिच्यात कोय अजून धरलेलीही नसते, ती जेमतेम आंबट असते. महिनाभराने त्याच बाजारातली, त्याच आकाराची कैरी दात आंबवते. आणखी पंधरा दिवसांनी तिच्यात गोडसर छटा उतरायला लागते. मग अर्धी वाटी हे माप कुठल्या आठवड्याचं? म्हणून मी आधी कैरीची एक फोड मीठ लावून खातो, मग किसणी हातात घेतो. लिहिलेलं माप मला उपयोगी पडतं ते साधारण कल्पना यावी म्हणून. शेवटचा शब्द त्या दिवशीच्या कैरीचा.

मित्रांच्या आयांकडून मिळालेल्या पाककृती माझ्याकडे फोनमध्ये आवाजाच्या रूपात आहेत. त्या लिहून काढाव्यात असं अनेकांनी सुचवलं, मी काढल्या नाहीत. "वाटण घाल... नाही, थांब, आधी बघ वास येतोय का... हां, मग घाल" हे लिहिलं तर वाक्य उरतं, पण मधला थांबलेला क्षण जातो. ऐकताना त्या बाईंनी स्वयंपाकघरात उभं राहून कढई आठवली हे कळतं. अलिबागच्या मैत्रिणीच्या आईने ओल्या काजूगराची उसळ अशीच सांगितली आहे. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर येतात, गरम पाण्यात टाकले की साल सुटते, मग खोबऱ्याच्या वाटणात शिजवायचे, फार नाही. "दाताखाली दुधासारखा लागला पायजे" असं त्या म्हणतात. काजूच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून सोलून देणाऱ्या बायकांची बोटं कशी काळी पडलेली असतात तेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. सोललेले काजूगर महाग का, हा प्रश्न मला त्यानंतर पडला नाही आणि मी त्या सोलणाऱ्या बायकांपाशी कधी घासाघीसही करत नाही.

पावसाळा हा माझा सर्वांत आवडता काळ. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली, शेवग्याचा पाला, एकेक येत जातं. कृषी विभाग ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला जागोजागी रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे गेलात तर भाज्यांबरोबर त्या रांधणाऱ्या बायकाही भेटतात आणि एका फेरीत वर्षभराचं शिकून होतं. भारंगीचा पाला कडू, तो उकडून पाणी टाकून द्यायचा आणि भिजवलेल्या वालांबरोबर करायची. फोडशीचे देठ मुळाकडून साफ करताना मातीचा बारीक कण राहिला तर सगळी भाजी कचकचते. टाकळा पहिल्या पावसातला, कोवळ्या पानांचाच. या भाज्यांना मसाला लागत नाही. लसूण, मिरची, कांदा आणि वरून ओलं खोबरं. मित्रमंडळींत याला कुणी मोठा बेत म्हणत नाही. तांदळाची भाकरी आणि दोन रानभाज्या एवढ्यावर संध्याकाळ होते आणि ती लांबते.

गणपतीत ऋषीची भाजी. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, म्हणून भाद्रपद शुद्ध पंचमीला दुपारी विसर्जनाआधी सगळी जमतात आणि पानात ही भाजी असते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, अशी रीत. मग परसात आणि बांधावर जे आपसूक येतं त्याचीच भाजी. अळू, लाल माठाचे जाड देठ, सुरण, लाल भोपळा, पडवळ, शिराळं, भेंडी, चवळीच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओल्या भुईमुगाचे दाणे आणि आंबटपणाला अंबाडे. या व्रतामागे बायकांच्या विटाळाची जी कल्पना सांगतात ती मला मुळीच मान्य नाही आणि ती आमच्या घरातून गेली याचा मला आनंद आहे. भाजी मात्र मी जिवापाड जपली आहे, कारण बैलाला एक दिवस विसावा देणारं जेवण ही कल्पना फार सुंदर आहे आणि भाजी तर त्याहून.

या भाजीत लपायला जागा नाही. फोडणी नाही, मसाला नाही, कित्येक घरांत तेलाचा थेंबही नाही. मीठ, हिरवी मिरची, शेवटी ओलं खोबरं, बस. सगळी करामत क्रमात असते. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला अळूची पानं आणि देठ, त्यावर सुरण, मका, शेंगदाणे. झाकणावर पाणी ठेवून मंद आच. अळवाला पाणी सुटलं की माठाचे देठ आणि अंबाडे. भोपळा बऱ्याच उशिरा, नाहीतर तो विरघळून सगळ्यांना चिकटतो. पडवळ, शिराळं, भेंडी अगदी शेवटी. वरून पाणी घालायचं नाही. भाज्यांच्या अंगच्या पाण्यातच ती शिजते आणि त्यामुळे प्रत्येक भाजी आपापल्या चवीची राहूनही रस सगळ्यांचा मिळून होतो. वरीचा भात आणि ही भाजी. एका मित्राचा मुलगा, ज्याला घरी भाजी भरवणं म्हणजे रोजची लढाई, तो मक्याचा तुकडा चोखता चोखता खालची सगळी भाजी संपवून उठला. त्याच्या आईने मला कृती विचारली तेव्हा मी तिला पातेल्याशी नेलं आणि थर कसे लावले ते दाखवलं. बाजारात त्या दिवशी या भाज्यांचे तयार वाटे मिळतात. मी ते घेत नाही. एकेक भाजी हाताळून निवडताना कुठल्या भाजीला शिजायला किती वेळ लागणार ते तिथेच कळतं.

मध्ये एक आठवण जर्मनीची सांगायला हवी. आमच्यातला एक जण न्युर्नबर्गजवळ राहतो. पहिलं वर्ष त्याने तिथे गोठवलेली भेंडी आणि डब्यातला आमरस यांवर काढलं, आणि फोनवर आवाज उतरलेला असायचा. दुसऱ्या वर्षी वसंतात त्याने मला एक फोटो पाठवला, रस्त्याच्या कडेच्या टपरीवर पांढऱ्या शतावरीच्या जुड्या. तिथे तिला श्पार्गेल म्हणतात. मातीचे उंच वरंबे करून तिला उजेड लागू देत नाहीत म्हणून ती पांढरी राहते. एप्रिलमध्ये सुरू होते आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, परंपरेने काढणी थांबवतात, म्हणजे झाडाला पुढच्या वर्षासाठी ताकद भरून काढायला वेळ मिळतो. "अरे, इथेही शेवळं असतात!" असं त्याने फोटोखाली लिहिलं होतं. त्या रविवारी त्याने गावातल्या दोन मराठी कुटुंबांना आणि शेजारच्या जर्मन आजींना जेवायला बोलावलं. आजींनी त्याला देठ वरून खाली कसे सोलायचे ते शिकवलं, उकळत्या पाण्यात मीठ, किंचित साखर आणि लोण्याचा गोळा घालायला लावला, बरोबर उकडलेले बटाटे. पुढच्या आठवड्यात त्याने तेच तूप-जिऱ्याच्या फोडणीवर केलं आणि आजींना नेऊन दिलं. आता दर मे महिन्यात त्याच्याकडे पंगत असते. आम्ही इथे शेवळांची वाट बघत असतो तेव्हा तो तिथे २४ जूनच्या आत आणखी कुणाला बोलवायचं राहिलं ते मोजत असतो. परक्या गावात माणसं जोडायला त्याला त्या गावाचा मोसम सापडला, याचा मला मनापासून आनंद झाला.

थंडीत मात्र आमच्या घरात सोलापूरचं राज्य असतं. आमच्यातला एक सोलापूरचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी, आणि "न खाई भोगी तो सदा रोगी" हे तो दरवर्षी नव्याने ऐकवतो. भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, पावट्याचे दाणे, वालपापडी, ओले शेंगदाणे, बोरं, आणि या सगळ्याला एकत्र आणणारं भाजलेल्या तिळाचं कूट. बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. भाजी मी करतो. भाकरी एका वर्षी त्याच्या आईने केल्या, त्या ठाण्याला लेकाकडे आल्या होत्या तेव्हा.

त्या आल्या आणि आधी पिठाचा डबा उघडून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. "कवाचं दळलंय?" मी म्हटलं, काकू, परवाच. मग त्यांचा चेहरा सैल झाला. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचं पीठ पडून राहिलं की कडू होतं. आठवड्याचं पीठ त्या हातात धरायला तयार नव्हत्या. परातीत त्यांनी एका भाकरीपुरतंच पीठ घेतलं. सगळं एकदम मळून ठेवलंत तर शेवटच्या भाकरीपर्यंत ते तुटायला लागतं, गव्हासारखा चिकटपणा बाजरीत नाही. कढत पाणी, आणि तळव्याच्या टाचेने मळणं, इतकं की पीठ लोण्यासारखं मऊ झालं. मग कोरडं पीठ पसरून थापायला घेतली. थापताना त्या भाकरीकडे बघतही नव्हत्या, आमच्याशी बोलत होत्या. भाकरी हाताखाली आपोआप फिरत होती आणि कडा कुठेही चिरत नव्हती. एका बाजूला तीळ दाबले, तव्यावर पिठाची बाजू वर येईल अशी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायच्या आत उलटली, आणि मग तवा बाजूला करून थेट जाळावर. भाकरी टम्म फुगली आणि तिळाचा वास घरभर गेला.

बाजरीची भाकरी तव्यावरून पानात यायला हवी. म्हणजे करणारा पंगतीला बसू शकत नाही. आमच्याकडे यावर उपाय आपोआप निघाला. पंगतच स्वयंपाकघरात आली. कुणी ओट्याला टेकून, कुणी पाटावर, कुणी दारात उभं, एकेक भाकरी उतरली की चार तुकडे होऊन चार पानांत जायची आणि पुढची येईपर्यंत गप्पा. काकूंना मध्येच उठवून मैत्रिणीने जेवायला बसवलं आणि स्वतः परातीपुढे बसली, काकू घास घेता घेता तिला सांगत होत्या, "अंगठ्यानं नको रेटू गं, बोटं पसर." जेवण दोनअडीच तास चाललं. भाजी दोनदा गरम करावी लागली.

हुरडा मात्र ठाण्यात आणून उपयोग नाही, हे त्यांनीच त्या दिवशी स्पष्ट सांगितलं. पाकिटातला गोठवलेला हुरडा थालीपिठाला चालतो, भाजून खायला नाही. कणसात दूध भरून दाणा हिरवा आणि मऊ असतो तो काळ थोडका, पुढे ज्वारी टणक होते. सकाळी कापलेलं कणीस त्याच वेळी शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं, हातावर चोळून दाणे काढायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हात पोळत असतानाच खायचे. त्यासाठी सुरती, गूळभेंडी असे वेगळे वाण लावतात, दाणा गोड आणि कोंडा सहज सुटणारा. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. काकू म्हणाल्या, "तुमी समदी या की शेतावर. कणीस काय तुमच्याकडं यायचं न्हाई."

म्हणून यंदा बेत तिकडे आहे. त्यांच्या शेतावरून निरोप आला की ज्वारीची कणसं पानांच्या पोटऱ्यांतून बाहेर पडली, आता भरायला लागलीत, आणखी तीन आठवडे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसची रात्रीची तिकिटं काढून झाली. दहावीवाल्या मुलीची आई येणार नव्हती, मुलीनेच तिला जा म्हणून सांगितलं. अलिबागची मैत्रीण पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन येणार आहे, मी लसणाची चटणी कुटतो आहे, आणि नागपूरकर विचारतो आहे की शेतावर मुक्काम एक रात्र ठेवायचा की दोन.